पूर्ण ताबा

३ मार्च, सोमवार

आज सतरा टॅब्लेट! तीन फुटलेले, एक बादलीत पडून आलेला, आणि उरलेल्या तेरांची एकच तक्रार — "सर, हे सारखं लाल होतंय." लाल होणारच, बायांनो! लाल व्हायलाच बनवलंय ते.

वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्चीत बसून ठरवलं — पेशंटच्या घरी नर्सने बावीस मिनिटं थांबायचं. ड्रेसिंग करा, शुगर तपासा, सही घ्या, निघा. दारात पोचल्यावर टॅब्लेट चालू, निघताना बंद. तेविसावं मिनिट लागलं की पडदा लाल. तीन महिन्यांत पंधरा लाल झाले की केबिनमध्ये बोलावणं. आणि मी कोण? तळमजल्यावरच्या बिनखिडकीच्या खोलीत बसून काचा बदलणारा, कुलपं लावणारा. नर्सने घड्याळाला हात लावू नये, गाणी ऐकू नयेत, घरी फोन करू नये — हे सगळं बंद करून देतो तो मी.

केबिनमधल्या मॅडम सहा वर्षांपूर्वी माझ्या टेबलाशी उभ्या राहून विचारायच्या, "हा स्क्रू कुठला हो?" आज त्यांचा ईमेल — 'टॅब्लेट परत करण्यास विलंब का होतो याचा खुलासा करावा.' दहा पावलांवर बसतात. ईमेल!

५ मार्च, बुधवार

ताई आली होती खाली. गॉजपीसची पिशवी भरायला येते ऑफिसात, तेव्हा डोकावते. आमची ताई याच कंपनीत नर्स आहे. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. मी सेहेचाळीस वर्षांचा, अर्धं टक्कल पडलेलं, तरी सगळ्यांसमोर "छोट्या" म्हणून हाक मारते.

स्टुलावर बसली. पाय चोळत म्हणाली, "अकरा लाल झाले रे माझे. अजून चार, की केबिनमध्ये बोलावतील."

सगळे लाल एकाच घरचे. एक म्हातारे शिंपी आहेत, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. चढायलाच चार मिनिटं जातात. काकांना साखरेचा आजार, उजव्या पायाच्या अंगठ्याला जखम. चाळीस वर्षं त्याच पायाने शिलाई मशीन चालवली, आता तोच पाय दाखवायला लाजतात. चादरीखाली ओढून घेतात.

"आधी दोन गोष्टी बोलाव्या लागतात," ताई म्हणाली. "कापडाविषयी, काखेतल्या शिवणीविषयी. मग हळूच पाय पुढे करतात. बावीस मिनिटांत ते मोजासुद्धा काढू देत नाहीत."

मग इकडेतिकडे बघून — "तुझ्याकडे काही आहे का रे यावर?"

नाही म्हणालो.

आहे. म्हणून तर नाही म्हणालो.

६ मार्च

खुलासा लिहिला. मॅडमचा परत ईमेल — 'असमाधानकारक.'

९ मार्च, रविवार

केलं!

काल संध्याकाळी ताईचा टॅब्लेट दुरुस्तीच्या नावाखाली घरी आणला. सकाळी जेवणाच्या टेबलावर पसारा मांडला. हिने भाजी निवडायला जागा नाही म्हणून कटकट केली, मग समोर बसून बघत राहिली.

टॅब्लेटचं मूळ कुलूप काढायचं म्हटलं की तो आधी स्वतःला पुसून घेतो. आतलं होतं नव्हतं ते सगळं जातं. शनिवारपर्यंतचं सगळं ऑफिसला पोचलेलं, त्यामुळे ती चिंता नव्हती. मग सुरू होतानाची कंपनीची फाइल काढून त्या जागी मी बदललेली घातली. पुन्हा चालू केला. पडद्यावर पिवळी सूचना — या उपकरणाचं कुलूप उघडं आहे, यावर विश्वास ठेवू नका. पाच सेकंद तशीच. मग उघडला आणि मी म्हणेन ते निमूट ऐकायला लागला. याला रूट म्हणतात. पूर्ण ताबा. याच्यावर आता ना कंपनीची सत्ता, ना बनवणाऱ्याची — माझी! किती वर्षांनी कशावर तरी सत्ता.

कंपनीचं ॲप माझ्याच लॉगिनने परत टाकलं. मागे गुपचूप चालणारा एक प्रोग्राम असतो, तो मिनिटं मोजतो आणि वर चहाडी करतो. त्याला गोठवून टाकला आणि वेळेच्या जागी कायमचं 'वीस' बसवलं. आता ताई पेशंटकडे तासभर बसली तरी ऑफिसात दिसणार — वीस मिनिटं, हिरवं.

ही म्हणाली, "पकडलं गेलं तर?"

"कोण पकडणार? पकडणारा मीच आहे."

"तेच म्हणतेय मी," म्हणाली आणि भाजी घेऊन आत गेली.

१० मार्च

ताईला टॅब्लेट दिला. "काय केलंस?" तिने विचारलं. म्हटलं, "तुला कळणार नाही. तू तुझं काम कर, पूर्वीसारखंच लिही, फोटो काढ." माझ्या गालाला हात लावला. ऑफिसात! दोन नर्स बघत होत्या.

१३ मार्च, गुरुवार

सगळे हिरवे. चार दिवसांत एकही लाल नाही. ताई म्हणाली, "काका काल स्वतःहून मोजा काढून बसले होते. म्हणाले, आज घाई नाही ना तुम्हाला?"

खरं सांगतो, मला बरं वाटलं. काकांसाठी नाही. मॅडमच्या पडद्यावर माझा हिरवा रंग चमकतोय आणि त्यांना पत्ता नाही — त्यासाठी.

१९ मार्च, बुधवार

कॅमेऱ्याची काच बसवत होतो, तेव्हा ताई आली. बसली नाही.

"अंगठ्याचा रंग मला आवडत नाहीये. कड काळी पडतेय. सोमवारी लिहिलं, फोटो टाकला. आज परत टाकला. डॉक्टरांचं काही उत्तरच नाही."

आमच्याकडे नर्सने डॉक्टरांना थेट फोन करायचा नाही. जे काय सांगायचं ते टॅब्लेटमधून. तिने तरी ऑफिसच्या नंबरवर फोन केला होता. तिकडून सांगितलं, "टॅब्लेटमधून पाठवलंय ना? मग झालं."

मी मान वर न करता म्हणालो, "वाचतील गं. त्यांना काय एकच पेशंट आहे?"

"काकांना तो एकच पाय आहे उजवा," ती म्हणाली आणि गेली.

काच नीट बसली नाही. तीनदा काढून लावली.

२१ मार्च

ताईचा फोन. परत लिहिलं, परत फोटो. उत्तर नाही. म्हटलं, सोमवारी बघतो. शनिवारी मेव्हणीकडचं कार्य होतं.

२४ मार्च, सोमवार

परिपत्रक आलं. बुधवारी सगळ्या टॅब्लेटची तपासणी. ॲप बनवणाऱ्या कंपनीचा माणूस येणार. कुलूप उघडं सापडलं, रूट सापडलं, तर नर्स त्याच दिवशी घरी आणि 'साहाय्य करणाऱ्यावरही कारवाई'. खाली मॅडमची सही आणि हाताने लिहिलेली ओळ — 'आपण तपासणीत सोबत राहावे.'

लगेच ताईला फोन केला — उद्या टॅब्लेट घेऊन ये, बॅटरी बदलायचीय.

"आज माझी रजा होती, पण डॉक्टरांचं बघितलंस का?"

"उद्या बघतो."

२५ मार्च, मंगळवार

हे लिहावंसं वाटत नाही. लिहितो.

टॅब्लेट उघडला. रूट काढायच्या आधी सवयीने आत नजर टाकली. ताईच्या सगळ्या पेशंटच्या नोंदी, एकोणसाठ. प्रत्येकीपुढे छोटा राखाडी बाण — 'पाठवायचे आहे'. एकही गेलेली नाही! दहा तारखेपासून एकही नाही!

मी गोठवलेला तो प्रोग्राम फक्त मिनिटं मोजत नव्हता. नोंदी आणि फोटो वर पोचवायचं कामही त्याचंच होतं. चहाडी आणि निरोप — दोन्ही एकच जण करत होता. वेळ आणि सही वेगळ्या वाटेने जायची, म्हणून वर सगळं सुरळीत दिसत होतं. तपासलं नाही मी. सत्तावीस वर्षं हे काम करतोय आणि तपासलं नाही!

ताईच्या काकांविषयीच्या नोंदी वाचल्या. '१७ मार्च. उजव्या अंगठ्याची कड काळसर. वास. डॉक्टरांनी बघावे.' '१९ मार्च. काळा भाग वाढला. पायाचा वरचा भाग गरम. तातडीने बघावे.' '२१ मार्च. दोनदा कळवले आहे. कृपया उत्तर द्यावे.' तीन फोटो. पूर्ण बघवले नाहीत.

प्रोग्राम परत जागा केला असता तर एकोणसाठच्या एकोणसाठ नोंदी एका दमात वर गेल्या असत्या. मग कुणीतरी विचारलंच असतं — दोन आठवडे कुठे अडकल्या होत्या? आणि कुलूप परत लावायचं म्हटलं की टॅब्लेट पुन्हा स्वतःला पुसतो. कुलूप उघडं ठेवलं तर उद्या पहिल्या सेकंदाला ती पिवळी सूचना.

वेळ नव्हता. मूळ फाइल परत घातली. रूट गेलं. कुलूप लावलं. पडद्यावर विचारलं — सर्व माहिती नष्ट होईल, पुढे जायचं? हो.

ताईला टॅब्लेट दिला. म्हटलं, "उद्या टॅब्लेट तपासणीत असेल, गुरुवारी काकांकडे जाशील तेव्हा परत लिही. आता नक्की पोचेल."

"आता नक्की म्हणजे?"

"नवी बॅटरी आहे."

२६ मार्च, बुधवार

तपासणी पार पडली. एकशे बारा टॅब्लेट, सगळे स्वच्छ. तो माणूस माझी पाठ थोपटून गेला. मॅडम म्हणाल्या, "तुमच्यामुळे." मी हसलो. खरंच हसलो, लाज नाही वाटली त्या क्षणी.

२७ मार्च, गुरुवार

ताई काकांकडे गेली तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, काल दुपारी तापाने बरळायला लागले, मुलीने येऊन हॉस्पिटलात नेलं.

काल दुपारी. तो माणूस माझी पाठ थोपटत होता तेव्हा.

२९ मार्च, शनिवार

पाय कापला. गुडघ्याखालून.

१ एप्रिल, मंगळवार

आज काकांची मुलगी ऑफिसात आली. आरडाओरडा करेल असं वाटलं होतं. नाही केला. मॅडमच्या केबिनमध्ये बसून हळू आवाजात एकच विचारत राहिली, "तुमची नर्स आठवड्यातून तीनदा येत होती. मग ती बघत काय होती?"

ताईला बोलावलं. मलाही.

मॅडमनी पडदा फिरवून दाखवला. सगळ्या भेटी वीस मिनिटांच्या, हिरव्या, खाली सही. नोंदीची जागा कोरी.

ताई म्हणाली, "मी लिहिलंय. तीनदा लिहिलंय. फोटो काढलेत. टॅब्लेट उघडून बघा ना!" तिने स्वतःच पिशवीतून काढला, टेबलावर ठेवला. उघडून बघितला. रिकामा. गेल्या मंगळवारच्या आधीचं काहीच नाही.

ती बोटाने सरकवत राहिली. वर, खाली, वर, खाली.

मॅडमनी मला विचारलं, "याच्यात पूर्वीचं काही मिळू शकतं का?"

"आता काही नाही," मी म्हणालो.

खोटं नव्हतं. एक शब्दही खोटा नव्हता. ताईने टॅब्लेटवरची नजर उचलली आणि माझ्याकडे बघितलं. तिला टॅब्लेटमधलं काही कळत नाही. माझा चेहरा मात्र तिला मी पाळण्यात असल्यापासून वाचता येतो.

काकांची मुलगी ताईला म्हणाली, "बाबांचा तुमच्यावर फार विश्वास होता हो."

२ एप्रिल

'वेळ नव्हता' असं वर लिहिलंय मी. वाचलं आज. खोटं आहे.

वेळ होता. एकोणसाठ नोंदी आणि फोटो कार्डावर उतरवून घ्यायला अकरा मिनिटं लागली असती. पूर्ण ताबा होता ना माझ्याकडे! आणि उतरवायलाही नको — मंगळवारी सकाळी डॉक्टरांना एक फोन, एवढंच. 'चौथ्या मजल्यावरच्या शिंप्याचा पाय बघा.' नाव सांगायचीही गरज नव्हती.

सुचलं नाही असंही नाही. सुचलं. दोन्ही सुचलं.

४ एप्रिल, शुक्रवार

ताईला काढलं. निष्काळजीपणा. तिने लेखी दिलं म्हणे — नोंदी केल्या असाव्यात असं वाटत होतं, आता खात्री देता येत नाही. एकतीस वर्षांच्या नोकरीत ज्या बाईने एक सुई कुठे ठेवली ते विसरलं नाही, ती असं लिहून देते!

माझं नाव घेतलं नाही. का नाही घेतलं? फोन उचलत नाही. राग येतोय मला तिचा. ओरडायचं होतं तिने केबिनमध्ये — यानेच केलं, माझ्या या भावाने! मग मला खोटं तरी बोलावं लागलं असतं, किंवा खरं. दोन्हीतलं काहीतरी एक झालं असतं. ताई अशी गप्प बसते आणि मोठी होते. नेहमीचंच आहे तिचं.

वाचलं परत. काय लिहितोय मी!

७ एप्रिल, सोमवार

ही जेवताना म्हणाली, "तुम्ही जाऊन या त्यांच्याकडे."

"जाऊन काय सांगू?"

"ते मी कसं सांगणार? मी टेबलाच्या पलीकडे बसले होते, अलीकडे नाही."

तेवढं बोलून ताट उचललं.

१० एप्रिल, गुरुवार

गेलो. दार ताईनेच उघडलं. पिशवी खांद्याला, चपला पायात, निघायच्या तयारीत.

"कुठे निघालीस?"

"काकांकडे. हॉस्पिटलातून घरी आणलंय. टाक्यांचं ड्रेसिंग करायचंय."

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. त्यांच्या मुलीने पहिल्या दिवशी दारातून परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी पण. काल काका आतून ओरडले, येऊ दे तिला. मग घेतलं आत."

मी जिन्यातच उभा. शेवटी म्हणालो, "ताई, त्या नोंदी —"

"नको." हात वर केला तिने. "मला त्यातलं कळत नाही. तुला कळतं. बस."

"मी मॅडमना सांगतो."

पहिल्यांदाच चिडली. "काही सांगायचं नाही! कुणाला काही बोलायचं नाहीस तू, ऐकलंस? काय व्हायचं ते होऊन गेलं. घरी जा."

दाराला कुलूप लावलं आणि माझ्या बाजूने उतरून गेली. दोन पायऱ्या खाली गेल्यावर थांबली. वळली नाही. म्हणाली, "काका विचारतात, अंगठा खाजतो म्हणे. नाहीये तो अंगठा. काय सांगायचं रे त्यांना, छोट्या?"

आणि गेली.

१४ एप्रिल, सोमवार

मला बढती! उपकरण विभागाचा प्रमुख. एकशे बारा स्वच्छ टॅब्लेटबद्दल. वरच्या मजल्यावर खोली, खिडकीसकट. दुपारभर त्या खिडकीकडे पाठ करून बसलो.

दोन नर्स विचारायला आल्या, "सर, हे लाल होतंय, काही करता येईल का?"

असा ओरडलो त्यांच्यावर, की शेजारच्या खोलीतला टाइपिंगचा आवाज थांबला.

१६ एप्रिल

पत्र लिहिलं. दोन पानं. नऊ मार्चपासून पंचवीस मार्चपर्यंत, तारखेनिशी. काय गोठवलं, काय पुसलं, काय सुचूनही केलं नाही. ताईने सांगितलंय बोलू नकोस. तिचं ऐकणं फार सोपं आहे, म्हणूनच ऐकणार नाही. हिला वाचून दाखवलं. एका ठिकाणी 'चूक' लिहिलं होतं तिथे बोट ठेवून म्हणाली, "गुन्हा लिहा."

लिहिला.

१८ एप्रिल, शुक्रवार

मॅडमना पत्र दिलं. पहिलं पान अर्धं वाचून त्यांनी घडी घातली. म्हणाल्या, "टॅब्लेटचं कुलूप उघडलं की सर्व्हरला कळतं. दहा मार्चलाच दिसलं होतं, तुमच्या लॉगिनसकट. आकडे हिरवे येत होते, म्हणून वरचे म्हणाले, राहू दे." घडी माझ्याकडे सरकवली. "नंतर कुणाला तरी काढणं भाग होतं. तुमच्या ताईंना आम्ही दोन नावं दाखवली, म्हटलं, यातलं एक कंपनीत राहील. त्यांनी पेन मागितलं आणि स्वतःचं खोडलं."